टबाला पुरेल इतकं गरम पाणी

कोथरूडमधल्या एका जुन्या सोसायटीत, सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये डिसेंबरच्या सुरुवातीला बाथटब बसला. साडेपाच फुटी, पांढरा, अ‍ॅक्रिलिकचा. घरातल्या आजींचे गुडघे थंडीत आखडतात, गरम पाण्यात बसलं की जरा मोकळे होतात, म्हणून मुलगा-सुनेनं तो हौसेनं घेतला होता. भिंतीला धरायला दांडी, पाय घसरू नये म्हणून तळाशी रबराची चटई, सगळं जागच्या जागी. पहिल्या संध्याकाळी गरम पाण्याचा नळ पूर्ण सोडला. वाफ उठली, आरसा धुरकटला. पाणी वीतभर चढलं आणि मग वाफ हळूहळू विरत गेली. टब भरत आला तेव्हा आजींनी वाकून हात बुडवला आणि सुनेला विचारलं, "एवढं विसण कशाला गं घातलंस?" तिनं थेंबभरही घातलं नव्हतं. थंड पाण्याचा नळ कुणी उघडलाच नव्हता.

हा प्रश्न मनात रुतून बसतो, कारण त्याचं उत्तर टब घरात येण्याआधीच कुणीतरी द्यायला हवं होतं. दुकानात टबाची लांबी बघतात, रंग बघतात, जेट हवेत की नकोत यावर घरात चर्चा होते. गीझरचा विषय निघालाच तर एका वाक्यात संपतो: पंचवीस लिटरचा आहे ना, मग बास. पंचवीस लिटरचा गीझर म्हणजे मोठा, ही आपली समजूत बादलीच्या आंघोळीतून आलेली आहे, आणि बादलीपुरती ती अगदी खरी आहे. पुण्यात डिसेंबरात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी १८ अंशांच्या आसपास असतं. वीस लिटरची बादली ४० अंशांची करायची तर २० गुणिले २२, म्हणजे ४४० लिटर-अंश एवढी उष्णता लागते. (एक लिटर पाणी एक अंशानं तापवायला लागते ती उष्णता म्हणजे एक लिटर-अंश.) ६५ अंशांपर्यंत तापलेल्या २५ लिटरच्या गीझरमध्ये २५ गुणिले ४७, म्हणजे ११७५ लिटर-अंश साठलेले असतात. अडीच बादल्या आरामात निघतात. शिवाय एकाची आंघोळ होऊन दुसरा टॉवेल शोधेपर्यंत पाच-दहा मिनिटं जातात, तेवढ्यात कॉइल पुन्हा कामाला लागलेली असते. चौघांचं घर सकाळी साडेआठपर्यंत आंघोळ करून मोकळं होतं ते या मधल्या वेळांमुळे.

पूर्वी न्हाणीघरात तांब्याचा बंब असायचा तेव्हाही हेच चालायचं. बंबाच्या मधल्या नळकांड्यात लाकडं पेटलेली, तोटीतून कढत पाणी घंगाळात घ्यायचं, विसण घालायचं, आणि जितकं गरम पाणी काढलं तितकं गार पाणी वरून बंबात ओतायचं. पुढचा माणूस येईपर्यंत ते तापलेलं असायचं. दिवाळीत अभ्यंगाच्या पहाटे सगळ्यांची रांग लागायची तेव्हा मात्र शेवटच्या माणसाला कोमट पाण्यावर भागवावं लागे, किंवा बंबापाशी थोडं थांबावं लागे. साठलेली उष्णता आणि नव्यानं मिळणारी उष्णता, यांचा मेळ सगळ्यांना डोळ्यांनी दिसत होता. गीझर भिंतीवर उंच गेला, त्याच्यावर पांढरं कवच आलं, आणि हा मेळ दिसेनासा झाला.

टब मात्र गीझरला अशी मधली उसंत देत नाही.

पाण्याचा आकडा आधी नीट काढावा लागतो. माहितीपत्रकात टबाची क्षमता दिलेली असते ती बहुधा ओव्हरफ्लोच्या भोकापर्यंतची, आत कुणी नसताना. माणूस आत बसला की साठ-सत्तर लिटरची जागा तोच घेतो. त्यामुळे २०० लिटरच्या टबात प्रत्यक्षात १३० ते १४० लिटर पाणी भरावं लागतं. हा आकडा अंदाजानं धरण्यापेक्षा उन्हाळ्यात एकदा मोजून घेणं चांगलं: ज्याच्यासाठी टब आहे त्याला रिकाम्या टबात बसवायचं आणि बादल्या मोजत पाणी छातीपर्यंत चढू द्यायचं. सात बादल्या लागल्या तर १४० लिटर. जिथपर्यंत पाणी आलं असेल ती पातळी नाही, तर बादल्यांची संख्या लिहून ठेवायची, कारण माणूस उठला की पातळी खाली जाते. आता १४० लिटर पाणी १८ अंशांवरून ४० वर न्यायचं म्हणजे १४० गुणिले २२, ३०८० लिटर-अंश. त्यात अ‍ॅक्रिलिकचा टब स्वतः तापायला एक-दीड अंश खातो. बिडाचा त्याहून थोडा जास्त. आणि टाइल लावून बांधून घेतलेला किंवा अखंड दगडाचा टब तर कितीतरी जास्त. दगडी टब दिसायला देखणा असतो, पण थंडीत त्याला पाण्याआधी स्वतःला ऊब हवी असते. पुण्यात, विजेच्या गीझरवर, तो घेऊ नये असंच स्पष्ट मत आहे.

कोथरूडच्या त्या टबाचं काय झालं ते आता मांडता येतं. गीझरमध्ये साठलेले ११७५. दोन किलोवॅटची कॉइल मिनिटाला साधारण २९ लिटर-अंश देते. नळाची धार मिनिटाला सात लिटर होती, म्हणजे टब भरायला वीस मिनिटं, त्यात आणखी ५७० च्या आसपास. दोन्ही मिळून झाले १७४५, आणि हवे होते ३०८०. भागाकार केला तर पाणी तीस अंशांपर्यंत कसंबसं पोचतं. शरीराचं तापमान ३७ असताना तीस अंशांचं पाणी अंगाला गारच लागणार. म्हणजे विसण घातलं होतं ते गीझरनंच: गरम पाणी निघून गेल्यावर त्याच्या जागी टाकीतलं गार पाणी येत राहिलं आणि चारेक अंश तापून बाहेर पडत राहिलं.

इथे टब आणि शॉवर यांच्यातला एक फरक लक्षात घ्यावा लागतो. गीझर विकणारे सांगतात की साठ्याच्या ८० टक्के पाणीच वापरण्याजोगं गरम मिळतं, उरलेल्यात गार पाणी मिसळतं. शॉवरसाठी ते बरोबर आहे, कारण शॉवरखाली उभ्या माणसाला त्या क्षणी अंगावर पडणारं पाणी जाणवतं. टबात मात्र सगळं एकत्र होतं. आधी कढत आलेलं आणि नंतर कोमट आलेलं मिळून जो मेळ बसेल तेच खरं तापमान, म्हणून ते शेवटचं कोमट पाणीही हिशेबात धरायचं. याच कारणानं टब भरताना, साठा अपुरा असेल तर, सगळं पाणी गरम नळातूनच घ्यावं. गार नळ उघडला की गीझरमधली ऊब तशीच मागे राहते.

मग किती लिटरचा गीझर पुरेल? मुंबई आणि पुणे यांचं उत्तर वेगळं आहे, आणि दुकानदार ते सहसा वेगळं करून सांगत नाहीत. मुंबईत थंडीतही टाकीतलं पाणी पंचवीसच्या आसपास राहतं. तिथे १४० लिटरला १५ अंशांची वाढ, २१०० लिटर-अंश पुरतात, आणि ५० लिटरचा गीझर हे काम करतो. पुण्यात तोच गीझर ३६-३७ अंशांवर थांबतो. तो ७५ वर लावला तर चाळीसच्या जवळ नेता येईल, पण बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी असेल तर साठच्या वर क्षार फार भराभर बसतात, आणि सत्तरीतलं पाणी चुकून अंगावर पडलं तर सेकंदाच्या आत भाजतं. घरात म्हातारी माणसं आणि मुलं असताना ही तडजोड करू नये. पुण्याला, नाशिकला ८० लिटरचा गीझर निर्धास्त. मात्र तो तापायला दोन किलोवॅटवर सव्वादोन तास लागतात, आणि भरल्यावर त्याचं वजन शंभर किलोच्या पुढे जातं. चार इंची विटेच्या भिंतीवर किंवा हलक्या एएसी ब्लॉकच्या भिंतीवर नेहमीच्या फास्टनरनं तो टांगणं धोक्याचं आहे. त्याला भिंतीच्या आरपार बोल्ट आणि मागे पट्टी, नाहीतर खालून लोखंडी चौकट हवी.

इन्स्टंट गीझरबद्दल लोक फार आशेनं विचारतात. त्यात पाणी साठत नाही म्हणून ते संपणारही नाही, असं वाटतं. तीन किलोवॅटचा इन्स्टंट मिनिटाला ४३ लिटर-अंश देतो. म्हणजे २२ अंशांची वाढ हवी तर मिनिटाला दोन लिटर पाणी. टब भरायला सवा तास, आणि तोपर्यंत आधी आलेलं पाणी निवत बसतं. भांडी घासायला, हात धुवायला तो उत्तम. टबाला नाही. गॅसचा सहा लिटरचा, म्हणजे मिनिटाला सहा लिटर पाणी तापवणारा गीझर मात्र मिनिटाला दीडशे लिटर-अंश देतो आणि वीस मिनिटांत टब तयार करतो. निव्वळ ताकदीच्या दृष्टीनं घरगुती टबाला त्याच्याइतकं सोयीचं काही नाही. पण तो बाथरूमच्या आत कधीही लावू नये, खिडकी असली तरी नाही. जळताना तो खोलीतला प्राणवायू घेतो, ज्योत अपुरी जळली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला वास नाही, रंग नाही, आणि टबात पडून असलेल्या माणसाला आधी फक्त झोप येते. थंडीत बंद बाथरूममधल्या अशा मृत्यूंच्या बातम्या आपल्याकडे येत राहतात, आणि प्रत्येक बातमी वाचताना पोटात तुटतं, कारण तो गीझर बाहेरच्या उघड्या गॅलरीत लावून पाइप आत आणणं एवढंच करायचं असतं.

पुण्यात पुष्कळ सोसायट्यांच्या गच्चीवर सोलर आहे. दिवसभर ऊन मिळालं तर संध्याकाळी साठ अंशांचं पाणी फुकट हाताशी असतं, आणि टबाला याहून चांगला साथीदार नाही. पण सोसायटीच्या सोलरमध्ये माणशी किंवा फ्लॅटमागे जेवढं पाणी धरलेलं असतं त्यात कुणाच्याच टबाचा हिशेब नसतो. एका घरानं सत्तर लिटर कढत पाणी एकदम ओढलं की दुसऱ्या दिवशी पहाटे खालच्या मजल्यावरचे शेजारी गार पाण्यात उभे. हे कमिटीशी आधी बोलून घ्यावं. दाराशी येऊन कुणीतरी भांडण्यापेक्षा ते बरं.

असलेल्या गीझरची खरी अवस्था जाणून घ्यायला एक बादली, एक डिजिटल थर्मामीटर आणि फोनमधलं घड्याळ पुरतं. गीझर पूर्ण तापू द्यायचा, दिवा विझला की एमसीबी (विजेच्या बोर्डावरची त्याची खटकी) खाली करायचा, म्हणजे मध्येच कॉइल चालू होणार नाही. मग गरम नळ पूर्ण उघडून एकामागून एक दोन बादल्या भरायच्या, प्रत्येकीला किती वेळ लागला ते बघायचं, ढवळून तापमान घ्यायचं. २५ लिटरचा उभा, निरोगी गीझर पहिली बादली साठच्या आसपास देतो आणि दुसरी एकदम तीसवर येते. हा मोठा फरक चांगला. तो सांगतो की गार पाणी तळाशी शिरून गरम पाण्याला वरून नीट ढकलतं आहे. पहिली बादली पन्नासचीच निघाली आणि दुसरी चाळिशीकडे, तर आत पाणी ढवळलं जातंय: गार पाण्याच्या तोंडावरचा प्लास्टिकचा भाग तुटला असेल, किंवा बसवणाऱ्यानं निळ्या टोकाचा आणि लाल टोकाचा पाइप उलटा जोडला असेल, किंवा गीझर आडवा असेल. आडव्यात हे थोडंफार होतंच. दोन्ही बादल्या मिळून उष्णता कमी भरली तर थर्मोस्टॅट, म्हणजे ठरलेल्या तापमानाला वीज बंद करणारा भाग, लवकर वीज तोडतोय. अशा वेळी गीझर उघडला की कॉइलवर बोटभर जाडीचा पांढरा-पिवळा कातळ दिसतो, हातानं दाबला की पापुद्रे सुटून पडतात, आणि तळाशी वाटीभर खडी साचलेली असते. तापताना कुडकुड आवाज येत असेल तर उघडायच्या आधीच हे समजून चालावं. टाकीऐवजी स्वतः गंजणारा मॅग्नेशियमचा रॉड झिजून तारेइतका उरला असेल तर त्याच वेळी बदलावा. तो गेला की पुढचा घास टाकीच्या पत्र्याचा असतो.

वेळेचा आकडाही तितकाच बोलका. वीस लिटरची बादली तीन मिनिटांत भरली तर सात लिटरची धार, चालेल. पाच मिनिटं लागली तर चार लिटरची धार, मग टबाला पस्तीस मिनिटं, आणि पाणी भरता भरता निवणार. वरच्या मजल्यावर हे दुखणं हमखास, कारण दहा मीटर उंचीला एक बार दाब, आणि तिथे टाकी डोक्यावर जेमतेम तीन मीटर असते. प्रेशर पंप बसवायचा तर तो गार आणि गीझरच्या दोन्ही ओळींच्या आधी बसवावा. नुसता गार ओळीवर बसवला तर गार-गरम एकत्र करणाऱ्या मिक्सर नळात गार पाणी गरम ओळीत उलटं शिरतं आणि घरभर कोमट पाण्याची तक्रार सुरू होते. हँड शॉवरचं बटण दाबून बंद केलं पण मिक्सर उघडाच राहिला, तरी तेच होतं. दोन्ही ओळींवर पाणी उलटं जाऊ न देणारा नॉन रिटर्न व्हॉल्व्ह हवा.

या सगळ्यात मन दोन्हीकडे ओढलं जातं. शहराच्या पाणीपुरवठ्याचं नियोजन करताना माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी धरतात. एक टब म्हणजे एका माणसाचा स्वयंपाक, पिणं, धुणं, संडास, सगळा दिवस. एप्रिलमध्ये एक दिवसाआड पाणी येतं तेव्हा टबाकडे बघवत नाही. पण गरम पाण्यात अंग सोडून बसण्याची ओढ परकी आहे, श्रीमंती थेर आहे, असंही म्हणता येत नाही. वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या गरम पाण्याच्या कुंडांत, पालीजवळच्या उन्हेऱ्याला, राजापूरजवळच्या उन्हाळे गावातल्या झऱ्यावर सांधे धरलेली माणसं पिढ्यान्‌पिढ्या उतरत आली आहेत. गंधकाचा वास, शेवाळलेल्या पायऱ्या, पाय टाकताना आधी चटका आणि मग खोलवर सुटत जाणारी हाडं. ज्या आजींना आता तिथवर नेता येत नाही, त्यांना आठवड्यातून एकदा घरात तेवढं सुख मिळावं यात वावगं काही नाही. नंतर ते पाणी बादलीनं काढून संडासात, फरशीला वापरता येतं. साबण टबात न वापरता आधी अंग धुऊन घेतलं तर झाडांनाही चालतं.

त्या घरासाठी ८० लिटरचा गीझर सुचवावासा वाटत नाही. भिंत चार इंची आहे आणि आठवड्यातल्या एका टबासाठी रोज एवढा साठा तापवायचा नाही. २५ लिटरचाच आणखी एक गीझर पहिल्याच्या शेजारी लावायचा आणि दोन्ही एकामागे एक जोडायचे: पहिल्याचं गरम पाणी दुसऱ्याच्या गार तोंडात. टब नसेल त्या दिवशी नळाजवळचा दुसरा तेवढा चालू करायचा, पहिल्यातून पाणी नुसतं वाहून जातं. समांतर जोडले तर ज्याच्यातून पाणी सोपं वाहतं तो आधी रिकामा होतो आणि त्याचं गार पाणी दुसऱ्याच्या गरमात मिसळतं. एकामागे एक जोडले की पहिला संपेपर्यंत दुसरा कढतच राहतो. साठा पन्नास लिटरचा, कॉइल मात्र चार किलोवॅटची. धार सात लिटरची राहिली तर टब ३९ अंशांच्या आसपास भरतो, थर्मोस्टॅट सत्तरवर नेले तर चाळीस. प्रत्येक गीझरला त्याचा स्वतःचा सेफ्टी व्हॉल्व्ह हवा, आणि व्हॉल्व्ह व गीझर यांच्यामध्ये कुठलाही कॉक नको. वीजही प्रत्येकाची वेगळी: स्वतंत्र वायर, स्वतंत्र १६ अँपिअरचा एमसीबी, आणि घराला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की लगेच वीज तोडणारा). वीजबिलावर मंजूर भार छापलेला असतो, त्यात हे चार किलोवॅट बसतात का ते आधी बघायचं. जोडपाइप सीपीव्हीसीचा, साधा पीव्हीसी गरम पाण्यानं मऊ होऊन वाकतो.

भरायच्या आधी पाऊण तास दोन्ही गीझर चालू, दिवे विझले की गरम नळ पूर्ण सोडायचा, बाथरूमचं दार बंद. पाणी भरलं की ढवळून थर्मामीटर बघायचा, दोन्ही गीझर एमसीबीवरून बंद करायचे आणि मगच आजींनी पाय टाकायचा. दाराला आतून कडी नको. पंधरा-वीस मिनिटं पुरे, आणि उठताना आधी कडेवर बसायचं, कारण गरम पाण्यातून एकदम उभं राहिलं की चक्कर येते. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आधी विचारून. एका टबाला साडेतीन ते चार युनिट वीज जाते. मे महिन्यात टाकीतलं पाणीच बत्तीस अंशांचं असतं, तेव्हा पहिला गीझर बंदच ठेवायचा. एकट्या दुसऱ्यावर टब भरतो.